तारामती दिल्यानंतर

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

ट्रेलर आला.

मी पाहिला नाही. मालकांनी पाहिला, दुकानात, आवाज मोठा करून. मी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘शुभेच्छुक’ नीट करत होतो – गिऱ्हाईक ‘शुभेच्छूक’ लिहून आणतं, दर वेळी. मालक म्हणाले, “शिवराज, तुझी तारामती लई चिकनी झाली की रे!” मी मान हलवली. 

माझी नाही ती आता. हे लिहून ठेवतो म्हणजे डोक्यात बसेल. मे महिन्यात ‘तारामतीची फेरी’ ही माझी यूट्यूबवरची मालिका पुण्याच्या कंपनीला दिली. नाव, चॅनल, जुने भाग, पुढचे भाग, सगळं. कुणी फसवलं नाही. वाचून सही केली. पैसे ठरल्याप्रमाणे आले.

का दिली तेही लिहितो. रविवारी भाग टाकायचा, तर शुक्रवारपासून घास उतरायचा नाही. कमेंट वाचत रात्र रात्र जागायचो. गेल्या वर्षी ढोकीच्या रस्त्यावर शूटिंग करतानाच चक्कर येऊन पडलो. डॉक्टर म्हणाले हृदय चांगलं आहे, डोक्याला विश्रांती द्या. आई म्हणाली, “देऊन टाक ती बाई कुणाला तरी. तुला खाऊन टाकंल ती.”

दिली. विश्रांती काही मिळाली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला भाग. ठरवलं होतं – बघायचा नाही. पण नळदुर्गात राहून न बघणं कसं जमणार? चहाच्या टपरीवर चालू. बसस्टँडवर चालू. घरी आलो तर आईनं मोबाइल पटकन पालथा ठेवला आणि म्हणाली, “भजन ऐकत होते.” भजनात टेम्पोचा हॉर्न वाजत होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाहिला.

गाडी नवी कोरी आहे. मागं खोकी भरलेली. पण खोकी रिकामी! उचलणाऱ्याच्या मानेवरून कळतं. रिकामं खोकं उचलताना माणूस बोलत राहतो, भरलेलं उचलताना गप्प होतो.

आमच्याकडे रिकामं काही नव्हतंच. गाडी हिंमतरावकाकांची, छोटा हत्ती टेम्पो. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “शूटिंगला गाडी देणार न्हाय. भाडं असंल तवा मागनं या. डिझल काय तुझा मोबाइल घालणार हाय का?” म्हणून आम्ही भाड्याच्या मागं फिरलो. जो माल गाडीत चढेल ती त्या आठवड्याची गोष्ट. म्हैस आली तर म्हशीची. नवरीचं कपाट आलं तर नवरीची. आधी लिहून काही चालायचं नाही. मी बोनेटवर कागद ठेवून तिथंच लिहायचो आणि काकांची बायको, सारजाबाई काकू, न वाचता, नुसतं ऐकून बोलायच्या. टेम्पो चालवणारी विधवा तारामती म्हणजे त्याच. गाडी चालवायला काकांनीच शिकवली, शिव्या देत देत.

तेरखेड्याला फटाक्यांचा माल आणायला गेलो, तेव्हा तिथल्या माणसानं आमचे मोबाइल काढून घेतले. शेडपाशी मोबाइल नाही म्हणजे नाही. मग आम्ही लांब, लिंबाखाली काकूंना बसवून शूटिंग केलं – तारामती मालाची वाट बघत बसली आहे आणि मेलेल्या नवऱ्याशी बोलते आहे. माल दिसतच नाही. तो भाग लोकांनी सगळ्यांत जास्त पाहिला.

आणि एक. आमची तारामती कधी रिव्हर्स घेत नव्हती. काकूंना जमायचंच नाही. म्हणून गोष्टीतच तसं केलं – गाडी मागं घ्यायची वेळ आली की ती खाली उतरते, पदर खोचते आणि गावाला हाक मारते, “ढकला रं, कुणी हाय का!” मग गाव गाडी ढकलतं.

नव्या तारामतीनं पहिल्याच भागात एका हातानं रिव्हर्स घेतला. आरशात बघत. गॉगल लावून.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसरा भाग. पाहिला नाही.

खोटं. पाहिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काकांच्या गाडीच्या मागच्या फाळक्यावर नंबर पुन्हा रंगवायचा होता, त्याचं स्टेन्सिल द्यायला त्यांच्या घरी गेलो. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. काकांची आई, अयोध्याआजी, उन्हाला पाठ करून बसलेली.

विचारायचं नव्हतं. विचारलं. “काकू, बघितला का भाग?”

“मला काय कामंधंदं न्हाईत व्हय?”

आतून काका ओरडले, “तीनदा बघितला तिनं! तीनदा!”

“तुमी गप बसा. च्या ढोसा तिकडं.” मग माझ्याकडं न बघता, “पोरगी चांगली हाय रे. केस बघितलेस का तिचं? काच उघडी, गाडी पळतीय अन् एक केस इस्कटत न्हाय.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तांदळातला खडा काढून लांब फेकला. म्हणाल्या, “मला कुणी काय इच्यारलं का रे? त्या कंपनीवाल्यानं?”

मी सांगितलं, त्यांना वय कमी पाहिजे होतं.

“व्हय. आता तारामती म्हातारीच व्हायची न्हाय. नशिबाची हाय.”

आजी मधेच म्हणाली, “कोण म्हातारं झालं?” काका आतून, “कुणी न्हाय आई, तू झोप.”

घरी येताना गाडीवर – म्हणजे सायकलवर – डोळ्यांत काहीतरी गेलं. धूळ असेल. नुसती धूळ नव्हती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रणधीरचा फोन. आमचा कॅमेरा तोच धरायचा, आता कंपनीत असिस्टंट आहे. माझ्याबरोबर नववीपर्यंत होता. मी पुढं दहावीला अडकलो, तो निदान बारावीला अडकला.

“शिवा, बसलायस का उभा हायस?”

“बोल की.”

“आधी बस.”

बसलो.

“तारामती जातीय.”

“कुठं?”

“वर.”

मला वाटलं चेष्टा. मग त्यानं सगळं सांगितलं. शेवटच्या भागात. रात्रीची वेळ, हायवेला उसाची ट्रॉली बंद पडलेली, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. तारामती गाडी पुढं नेऊन थांबवते. उतरून ट्रॉलीला मागून काहीतरी बांधायला जाते, लाल कपडा वगैरे, म्हणजे येणाऱ्याला दिसावं. आणि मागून ट्रक येतो.

“ह्याच्यात माझा हात न्हाय, शिवा. आईशप्पत. मला बी आजच कळलं.”

मी विचारलं, लिहिलं कोणी? म्हणाला, अर्पितामॅडमनी. दिग्दर्शक त्याच आहेत.

फोन ठेवला. राग यावा म्हणून वाट पाहिली. आला नाही. कारण मरण चांगलं लिहिलंय. तारामती तशीच मरेल. दुसऱ्याच्या ट्रॉलीपायी, कुणी न सांगता उतरून. मला हे सुचलं नसतं. सुचलं असतं तरी लिहिलं नसतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जेवलो नाही. आईला सांगितलं पित्त झालंय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो. ढोकीच्या अलीकडे शूटिंग होतं, रणधीरनं सांगितलं होतं. एसटीत सगळ्या वाटेनं वाक्यं पाठ केली. पहिलं वाक्य, “मॅडम, मी भांडायला आलेलो नाही.” दुसरं, “पण तुम्ही तिला मारू नका.” तिसऱ्यापाशी घाम फुटायचा.

अर्पिताताई माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. उन्हात टोपी घालून उभ्या. मला बघून सगळं थांबवलं, खुर्ची मागवली. “अरे, शिवराज! दादा, बसा. चहा घ्या आधी.” चांगल्या आहेत. वाईट असत्या तर बरं झालं असतं.

पाठ केलेलं सगळं गेलं. म्हणालो, “तिला मारू नका.”

त्यांनी टोपी काढली. मग म्हणाल्या, “तुमचे सगळे भाग मी पाहिलेत, दादा. काही काही तर चार-चारदा. पण ती अशीच किती दिवस फेऱ्या मारणार? लोक तिसऱ्या भागानंतर सोडून जातायत.”

“जाऊ द्या ना. येतील परत.”

“मला चालेल. वर चालत नाही.” वर म्हणजे कंपनीत.

मला वाटलं होतं की मी काहीतरी बोलेन आणि त्यांना पटेल. असं मला प्रत्येक वेळी वाटतं.  चहा संपवला. साखर कमी होती.

तेवढ्यात ती नवी मुलगी आली, प्रतीक्षा. नऊवारी नाही, साधी पाचवारी, कपाळाला मेकअपचं रक्त लावायचं बाकी होतं. वाकली, माझ्या पायाला हात लावला. “दादा, आशीर्वाद द्या. आज मरायचंय मला.”

सगळे बघायला लागले. काय म्हणणार? तोंडातून निघालं, “औक्षवंत हो.” सगळे खदखदून हसले. मी पण हसलो.

निघताना मात्र मी जे केलं ते लिहायलाच पाहिजे. ट्रॉली उभी केली होती, तिला मागं लाल कपडा बांधत होते. मी थांबलो. म्हणालो, “ताई, आमच्याकडं कपडा नाही बांधत. रात्री कपडा कोणाला दिसतो? झाडाची हिरवी फांदी मोडतात आणि ट्रॉलीच्या मागं लांबवर रस्त्यात टाकतात. शेजारी दगड मांडतात. म्हणजे ट्रकवाल्याला आधीच कळतं.” अर्पिताताईंनी लगेच एका पोराला फांदी आणायला पिटाळलं. मला हात जोडले. “थँक्यू दादा. हे आम्हाला माहीतच नव्हतं.”

तिला वाचवायला गेलो होतो. तिच्या मरणातली चूक दुरुस्त करून आलो.

३० नोव्हेंबर, रविवार

आईनं विचारलं, “झालं का मनासारखं?” झालं म्हणालो.

१४ डिसेंबर, रविवार

आईबरोबर बसून पाहिला. पालथा मोबाइल वगैरे काही नाही. तिनं डाळीचं पातेलं खाली उतरवलं आणि शेजारी येऊन बसली.

फांदी आहे. तारामती बाभळीची फांदी मोडते, हाताला काटा लागतो, ती काटा तोंडानं काढते – हे प्रतीक्षानं स्वतःच केलं असणार, फार छान केलंय. फांदी रस्त्यात टाकते. दगड आणायला वाकते. हेडलाइट. मग काळोख. आवाज ऐकवलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर नुसती फांदी, आणि तिला वळसा घालून जाणाऱ्या गाड्या.

आई पदरात तोंड घालून रडली. “पाणी बी पाजलं न्हाय रे हिला कुणी.”

मी रडलो नाही. मला वाटत होतं, आता काहीतरी होईल आतमध्ये. नाही झालं. पातेल्यातली डाळ गार झाली होती, ती तशीच खाल्ली.

गल्लीत शांत होतं. नळदुर्गात रविवारी एवढं शांत कधी नसतं.

१५ डिसेंबर, सोमवार

तालमीची पोरं दुकानात आली. चार-पाच जण. पुढारी त्यांचा दिग्विजय, नेहमी वाढदिवसाचे फ्लेक्स आमच्याकडेच करतो.

“शिवाभाऊ, भावपूर्ण श्रद्धांजली करायची हाय. चौकात लावायची. मोठी.”

“कोणाची?”

“कोणाची म्हणजे? तारामतीची!”

मला आधी राग आला. मग बघितलं तर दिग्विजयचे डोळे सुजलेले. चेष्टा अर्धी होती, अर्धी नव्हती. मालक म्हणाले, “कर की, धंदा हाय.” केलं.

त्यांनी प्रतीक्षाचा फोटो पाठवला होता. मोठा करताना फाटत होता, म्हणजे ठिपके दिसायला लागत होते. खरं सांगायचं तर फार फाटत नव्हता, चालला असता. पण माझ्याकडे काकूंचा होता – तेरखेड्याच्या लिंबाखालचा, पदर डोक्यावर, नजर रस्त्याकडं. तो टाकला. भोवती फुलांची महिरप. खाली समई. ‘कै. तारामती’. ‘शोकाकुल: समस्त फेरी परिवार, नळदुर्ग’.

श्रद्धांजलीच्या तयार साच्यात शेवटी एक ओळ असते, दशक्रिया विधीची. तारीख आणि ठिकाण. ती मोकळी राहिली होती. पोरं म्हणाली राहू दे. पण मोकळी जागा मला बघवत नाही, पडलेल्या दातासारखी दिसते. कालपासून दहा मोजले. मंगळवार, २३ डिसेंबर, सकाळी. बोरी नदीकाठ.

छापायला देण्याआधी तपासला. एकही चूक नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

काय केलं मी हे!

सकाळी दुकान उघडायच्या आत हिंमतरावकाका दारात. हातात चप्पल. “कुठाय तो लेखक? माझी बायको जित्ती हाय रे! सकाळी भाकरी थापून दिली तिनं मला! तिला चौकात हार घातलाय!”

मालक मधे पडले. “हिंमतराव, अहो ती तारामती हाय.”

“तारामती मला भाकरी थापून देती व्हय? थोबाड कुणाचं हाय त्याच्यावर?”

गावात बहुतेकांना कळत होतं. बाहेरच्यांना कुठून कळणार? रात्रीच कुणीतरी फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. काकूंच्या माहेरी पोचला. नाव कुणी वाचलं नाही, तोंड बघितलं. पहाटे फोन – “किती वाजता न्यायचंय?” त्यांचा भाऊ अणदूरहून मोटारसायकलवर रडत आला. दार वाजवलं. दार काकूंनीच उघडलं.

काका हे सांगता सांगता मधेच हसायला लागले. “मेव्हणा दारातच बसला खाली! म्हणतो, अक्का, तू गेलीस न्हवं? ही म्हणती, कुठं जाऊ, पाणी यायचंय नळाला.” मग एकदम हसू गेलं त्यांचं. “शिवराज, माझी आई हसंना झालीय. सकाळपासनं देवापुढं बसलीय.”

दहा वाजता मी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवला. हार कोणी घातला होता माहीत नाही, झेंडूचा होता. कुणीतरी खाली उदबत्ती पण लावून गेलं होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

काकूंना ताप आलाय. काल संध्याकाळपासून.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ताप उतरत नाही. डॉक्टर व्हायरल म्हणाले, गोळ्या दिल्या. गावात सगळ्यांनाच आहे म्हणाले. असेल. पण बाकीच्यांचे फोटो मी लावले नव्हते.

आजीनं बोलावलं. मला वाटलं शिव्या देईल. नाही दिल्या. जवळ बसवलं.

“तुझी ती बाई मेली का न्हाय?”

“गोष्टीत मेली, आजी.”

“मेली न्हवं? मग तिचं तोंड आमच्या सुनंच्या तोंडावर चिकटलंय. जित्त्या बाईला हार पडला. अन् वर तू दहाव्याची तारीक छापलीस. आता छापलीय तर करूनच टाक. न्हायतर ती जायची कुठं? हिच्यातच ऱ्हाती.”

काका म्हणाले, “आये, सिरीयलमधल्या बाईचा दहावा कोण करतं?”

“तुझी बायको तापानं फणफणतीय अन् तू मला इच्यारतो कोण करतं.”

 मला विचारायची वेळ आली तेव्हा मी लगेच हो म्हणालो. मी शिकलेला नाही पण एवढाही अडाणी नाही की तापाचं कारण फ्लेक्स आहे असं मानीन. पण मग रात्री काकूंचं काही बरंवाईट झालं तर? मग काय लिहू इथं – की मला पटत नव्हतं म्हणून केलं नाही?

“पिंड कोण ठेवणार?” काकांनी विचारलं.

आजी म्हणाली, “तिचं हाय कोण? नवरा ह्यानं पयल्याच भागात मारला. लेकरू दिलं न्हाय. ना सासर ना म्हायेर. हाच हाय तिचा.” आणि बोट माझ्याकडं.

२० डिसेंबर, शनिवार

आईला सांगितलं. ती आधी हसली. मग, “केस काढायचं म्हणत न्हाईत ना? मिशी काढलीस तर बघ. मी जित्ती हाय अजून!” माझ्या मिशीला कोण विचारतंय. पण काढणार नाही म्हणून शब्द दिला.

२३ डिसेंबर, मंगळवार

झालं.

आम्हीच होतो. काका, काकू शाल पांघरून, आजी, आई. दिग्विजयला मी सांगितलं नव्हतं, तरी तो आला आणि लांब उभा राहिला. भटजी नाही – त्यांना सांगणार काय? भात आजीनं केला होता. नदीला पाणी बरं आहे. थंडी होती.

आजीनं सांगितलं तसं करत गेलो. पिंड ठेवला. हात जोडून मागं सरकलो.

कावळे होते. पलीकडच्या बाभळीवर पाच-सहा. एक खाली आला, लांब बसला. पुढं येईना.

आजी म्हणाली, “बोला कुणीतरी. अडकलंय तिचं.”

काका घसा खाकरून म्हणाले, “गाडी इकणार न्हाय. हाय तशी ठेवीन.” कावळा हलला नाही. काका माझ्याकडं वळून हळूच, “गाडीचं न्हाय तिला काय.”

आई म्हणाली, “तुझ्या नावानं पाच बाया जेवू घालीन, बाई.” काही नाही.

मग काकू शालीतून बाहेर आल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पिंडाकडं नाही, नदीकडं बघून बोलल्या.

“बाई, लई फिरवलंस मला. लगीन होऊन आले तवापासनं मी तुळजापूरच्या पुढं गेले नव्हते. तुझ्यामुळं ढोकी बघितली, येरमाळा बघितलं, तेरखेडा बघितलं. लोकं मला वाटंत थांबवून च्या पाजायची. ह्यांनी कवा गाडीला हात लावू दिला नसता.” काका खाली बघत होते. “आता जा. माझ्यापाशी तुला बसायला जागा न्हाय. मला सैपाक असतो, भांडी असतात. जा तू.”

कावळा तिथंच.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला माहीत होतं माझी पाळी आहे.  मी परत हात जोडले. मनातच म्हणालो – मी तुला परत लिहिणार नाही. कुणी सांगितलं तरी नाही. मनातल्या मनात पण गाडीत बसवणार नाही तुला.

वाट बघत होतो की आता येतो, आता येतो. नाही आला. आजी म्हणाली, थांबा जरा. दिग्विजयनं थर्मासमधून चहा आणला होता, तो सगळे घ्यायला लागले. पाठ फिरवून उभे होतो, बशी फुंकत. मागं फडफड झाली. वळलो तर भात विस्कटलेला आणि कावळा उडालेला. कोणाच्या बोलण्यावर शिवला ते कोणीच पाहिलं नाही. काका म्हणाले, “माझ्याच असंल. गाडीच्या.”

आजीनं जाताना सगळ्यांना बजावलं. “आता तिचं नाव काढायचं न्हाय कुणी. सारजीला त्या नावानं हाक मारायची न्हाय. हाक मारली की मेलेलं माणूस मागं बघतं.”

येताना मी सगळ्यांच्या मागून चालत होतो. मागं बघितलं नाही. तसा नियमच आहे म्हणतात.

घरी येऊन आंघोळ केली. मग रडलो. बराच वेळ.

२६ डिसेंबर, शुक्रवार

काकूंचा ताप गेला. आठ-नऊ दिवसांचा व्हायरल असतो, डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

मी मोबाइलमधलं चॅनलचं सबस्क्रिप्शन काढून टाकलं. जुने कच्चे तुकडे, फोटो, काकूंचे आवाज – तेही पुसले. लिंबाखालचा फोटो शेवटी पुसला. दुकानात एका बारशाच्या फ्लेक्सला नाव सुचवायला सांगितलं गिऱ्हाइकानं. मला एकही नाव सुचलं नाही. पूर्वी सुचायची.

२९ डिसेंबर, सोमवार

रविवार कसा गेला ते कळलंच नाही. शुक्रवारी जेवलो, शनिवारी जेवलो. डॉक्टर म्हणाले होते ती विश्रांती बहुधा हीच. चांगली नाही. मोकळ्या पोत्यासारखं वाटतं.

४ जानेवारी २०२६, रविवार

अर्पिताताईंचा फोन. फार खुशीत होत्या. फ्लेक्सचा फोटो सगळीकडे फिरला म्हणे, लोक म्हणतायत हीच खरी तारामती, हिला परत आणा. कंपनीनं ऐकलंय. ती मेलीच नव्हती – सोलापूरच्या दवाखान्यात शुद्धीवर येते. सारजाबाईंनाच घेणार. भाड्याची खरी गाडी, खरा माल, रिव्हर्स नाही, सगळं जुन्यासारखं. आणि लिहायचं मी. “तुम्हाला हेच हवं होतं ना, दादा?”

होय म्हणालो. हेच हवं होतं.

मग सांगितलं, “पण आमच्याकडं तिचा दहावा झालाय, ताई.”

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या.